काकूंच्या नावाचा पुकारा

कोर्टाच्या दिवशी सकाळी काकू माझ्या दारात आल्या. पोलक्याचा हूक तुटला होता, तो लावून दे म्हणाल्या. पोलकं मीच शिवलेलं, त्यांनीच दिलेल्या मशीनवर. सुईत दोरा काही केल्या जाईना. ज्यांच्यावर मी केस टाकली होती, त्या ह्याच.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. यवतमाळात त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी आणि माझी मुलगी राहतो. मी झरी जामणीकडची, जंगलातल्या गावची. सातवीत शाळा सुटली, पुढे नवरा गेला आणि पोरीला घेऊन इथे आले, तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. काकूंनी खोली दिली, आपली जुनी मशीन दिली, शेजारी बसून काज-बटण शिकवलं. भाड्याची पावती मी कधी मागितली नाही, त्यांनी दिली नाही. घरातल्या माणसाला कोणी पावती देतं का?

यंदा त्यांच्या नागपूरच्या मुलाच्या डोक्यात आलं की मागची बाजू पाडून दुकानाचे गाळे काढायचे. मला म्हणाला, लगेच खोली खाली कर. मुलगी दहावीत आहे, परीक्षा तरी होऊ द्या, असं म्हणत मी हात जोडले. तो जाताना माझा नळ आणि लाईट, दोन्ही तोडून गेला. काकू तेव्हा आत निघून गेल्या. पण संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून पाण्याची बादली दिली आणि पोराला सांगू नको म्हणाल्या. मग रोजच देऊ लागल्या.

बादलीवर दिवस निघतात, अभ्यास निघत नाही. आणि गावी परत गेलो असतो तर पोरीची शाळा माझ्यासारखीच सुटली असती. शेवटी समोरच्या गॅरेजवाल्यांच्या भाभी मला कोर्टातल्या मोफत वकिलाच्या ऑफिसात घेऊन गेल्या. तिथल्या वकील मॅडम म्हणाल्या, पावती नसली तरी भाडेकरू तो भाडेकरूच. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुला कोणी बाहेर काढू शकत नाही, आणि पाणी-वीज तोडणं तर कायद्यात बसतच नाही. मला रडू आलं. तोवर कायदा म्हणजे सरपण आणायला गेलं की हटकणारा फॉरेस्टवाला, एवढंच मला ठाऊक.

मग त्यांनी विचारलं, घर कोणाच्या नावावर आहे? काकूंच्या, म्हटलं. तर मग केस काकूंवर होईल, मुलाचं नाव त्यांच्याखाली, असं त्या म्हणाल्या. नुसत्या मुलावर नाही का होत, मी विचारून पाहिलं. मालक त्या आहेत, मॅडम म्हणाल्या. मी सही केली.

समन्स आल्यापासून काकूंनी बोलणं टाकलं. बादली मात्र येत राहिली.

मुलगा नागपूरहून थेट कोर्टात येणार होता. हूक लावून झाला तशा काकू म्हणाल्या, "मले कोर्ट कुठं माहीत हाय? तूच घेऊन चाल." आम्ही एकाच ऑटोत बसलो. जेल तर नाही ना होत, असं त्यांनी वाटेत हळूच विचारलं. नाही हो काकू, म्हटलं. उतरताना त्यांनी पाकीट काढलं आणि परत ठेवून दिलं. "केस तुही, त ऑटोबी तुहाच."

व्हरांड्यात शिपायाने त्यांच्या पूर्ण नावाचा पुकारा केला. गल्लीत त्यांना सगळे काकूच म्हणतात. मलासुद्धा त्यांचं नाव केस लिहिताना कळलं. पहिल्या हाकेला त्या उठल्या नाहीत, दुसऱ्यालाही नाही. मला त्यांच्या कानाशी वाकावं लागलं. "काकू, तुमालेच बोलावून राह्यले." त्यांनी डोक्यावर पदर घेतला. कुणाच्या मयताला निघाल्यासारखा.

आत मुलाचा वकील सांगत होता की नळ नादुरुस्त झाला आहे. काकू मध्येच बोलल्या, "नळ चांगला हाय साहेब. पोरानं बंद केला."

पाणी-वीज जोडा, निकाल लागेपर्यंत खोलीला हात लावू नका, असा हुकूम झाला. मुलगा आईला तिथेच सोडून गाडी काढून गेला. आम्ही दोघी पुन्हा ऑटोत.

आता पोरगी बल्बखाली अभ्यास करते, नळाला पाणी येतं. तुझं काही चुकलं नाही, असं मॅडम सांगतात, भाभीही सांगतात. असेल. पण मुलगा दर रविवारी सकाळी आईला फोन करायचा, तो कोर्टापासून बंद आहे. काकू फोन मांडीवर घेऊन ओसरीत बसतात. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या वेळेला मी मशीन बंद ठेवते.

गेल्या रविवारी त्यांनी भिंतीपलीकडून आवाज दिला, "मशीन काहून बंद हाय? चालव ना. गिऱ्हाईकं खोळंबली असतील."

मी पायडलवर पाय ठेवला. चालवली नाही. त्यांचा फोन वाजतो का, कान देऊन ऐकत बसले.