चार वाजताची भूक

माझं माहेर बुटीबोरीच्या पलीकडच्या एका खेड्यातलं. घर शेतकऱ्याचं. पहाटे जातं, मग विहीर, मग दिवसभर निंदण नाहीतर कापूस वेचणं. न्याहारीला दोन भाकरी सहज जायच्या आणि उन्हं वर आली की पोटात पुन्हा कावळे. आई म्हणायची, "खाते तशी राबतेबी." ती तक्रार नसायची, कौतुकच असायचं.

लग्न होऊन नागपुरात आले, धंतोलीत. यजमान हायस्कुलात मास्तर. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागच्या दारी नळ. दळण कोपऱ्यावरच्या इंजिनाच्या चक्कीवर जायचं, धुण्याला बाई यायची. हात मोकळे झाले. पोट मात्र माहेरच्याच सवयीनं मागत राहिलं. मीही देत राहिले. त्यात दोन बाळंतपणं, त्यातला डिंक, त्यातलं तूप. अंग सुटत गेलं. कासारणीनं एकदा बांगड्या भरताना माझा हात दाबून दाबून लाल केला आणि शेवटी मोठं माप काढलं. मग गुडघे धरले. पाटावरून उठायला भिंत लागायला लागली.

बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं.

"वय काय तुमचं?"

"सव्वीस."

"गुडघे साठीचे झालेत. वजन उतरवा. हालचाल वाढवा आणि खाणं आवरा."

हालचाल म्हणजे मला एकच ठाऊक होती. न्हाणीजवळ पालथं पडलेलं जातं मी धुऊन घेतलं आणि पहाटे दळायला बसले. अंगाला घाम फुटला, जुनं काहीतरी परत मिळाल्यासारखं वाटलं. पण दळून उठले की भूक अशी लागायची की चहाचं आधण चढवायच्या आधीच मी रात्रीची भाकर तेल-तिखटाशी उभ्या उभ्या संपवायची. वर न्याहारी व्हायचीच. आज एवढं दळलंय, मग खायला काय हरकत आहे, असं मनही म्हणायचं. पुन्हा दवाखान्यात गेले तर काटा उतरायचा सोडून थोडा चढलाच होता.

मग उपास धरले. सोमवार, गुरुवार, एकादशी. उपासाच्या दिवशी मुलं समोर यायला भ्यायची, इतकी मी खेकसायची. आणि दुसऱ्या दिवशी ताटावर बसले की हात थांबायचं नाव घेत नसे.

सगळ्यात वाईट वेळ चार वाजताची. दुपारी डोळा लागायचा, गिरणीच्या भोंग्यानं जाग यायची. मुलं बाहेर खेळत, यजमान अजून शाळेत. घरात करायला काही नाही आणि जिवाला चैन नाही. चिवड्याचा डबा उघडायचा, मूठभर खायचा, झाकण लावायचं. ओसरीवर जाऊन यायचं. पुन्हा डबा. शेंगदाणे, गुळाचा खडा, मुलांनी टाकलेला पोळीचा तुकडा. भूक होती का ती? पोट तर दुपारचं जेवण धरून होतं. पण काहीतरी आत सारखं येरझाऱ्या घालायचं, आणि तोंड चाललं की तेवढ्यापुरतं ते बसायचं.

शेजारी रेल्वेतल्या गार्डाची बायको राहायची. पन्नाशीची, काटक. तिचे यजमान कायम गाडीवर, मुली सासरी. मी तिला मावशी म्हणायची. एकदा अशीच चारच्या सुमाराला ती विरजण मागायला आली, तेव्हा माझा हात डब्यात होता.

"काहून वं, दुपारी जेवली नाही का?"

"जेवले ना."

"मंग हे काय खाऊन राहिली?"

मला एकदम रडू आलं. जातं, उपास, काटा, सगळं मी तिला सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, विरजणाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मले बी घरात बसवत नाही. मी रोज तेलंगखेडीच्या तळ्याकडे चक्कर मारून येतो. चाल माह्यासंगं. पोरं धुण्याच्या बाईपाशी राहू दे."

"अशी रस्त्यानं? लोक काय म्हणतील?"

"मंदिरात जातो म्हणायचं. रस्त्यात मंदिर आहेच."

पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवर माझे गुडघे बोलायला लागले. मावशी न थांबता बोलत होती, रेल्वेच्या गप्पा, जावयाच्या गप्पा, आणि मी मागे धापा टाकत. परत आले, हातपाय धुतले, पाणी प्यायले. स्वयंपाकाला लागले तेव्हा लक्षात आलं की डब्याची आठवणच झाली नव्हती. मला वाटलं योगायोग असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. जात्यावरून उठलं की भूक अंगावर धावून यायची. उघड्यावर चालून आलं की ती कुठंतरी मागे राहायची, तास-दीड तास तरी. पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना याचं कारण विचारलं. त्या हसल्या. "कारण पुढे कधी बघू. चालता ना? चाला. आणि दुपारची झोप सोडा." झोप सोडली. चालून आल्यावर यजमानांचं ताट वाढायचं आणि आपण मागनं उशिरा जेवायचं, तेवढ्यात चाखता चाखता एक भाकर संपायची. म्हणून जेवायच्या आधी पेलाभर ताक पिऊन घ्यायला लागले.

काटा उतरला. फार नाही, पण उतरला. मी मात्र अजून अस्वस्थच. आता चारच्या आधीच पाय वळवळायला लागायचे. पावसाची झड लागली की मी ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची आणि मुलं माझ्या मागून रांगेनं चालून हसायची. न चालण्याच्या दिवसांत डबा लगेच हाक मारायचा.

अशात मावशीच्या यजमानांची बदली बिलासपूरला झाली. सामान गेलं, कुलूप लागलं. त्या दिवशी चार वाजले आणि मी चप्पल घालून दारात उभी राहिले. सोबत कुणी नाही. मागे वळले तर स्वयंपाकघर. मी फाटक उघडून बाहेर पडले.

पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला होता आणि इतक्या जोरात चालत होते की जणू कुणाकडे अर्ज द्यायला निघाले आहे. मागून एक टांगा आला आणि हळू झाला.

"बाई, कहाँ जाना है?"

"कहीं नहीं."

टांगेवाल्याला ते पटेना. आजारी नातेवाईक असेल, भांडून निघाली असेल, काय वाटलं कोण जाणे. तो घोडा पावलावर आणून माझ्या बाजूनं चालवत राहिला. मी थांबले की तो थांबे. शेवटी मी म्हटलं, "भैया, मी चालायलाच निघालेय. डॉक्टरनं सांगितलंय." तो म्हणाला, "बीमार हो तो टांगे में बैठो ना!" आणि मान हलवत निघून गेला. मला हसू आवरेना. भर रस्त्यात, एकटी, हसत उभी.

बातमी यजमानांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. चार-आठ दिवसांनी शाळेतून आले ते टोपी न काढताच म्हणाले, "मास्तरांची बायको रोज कुठं जाते, असं विचारतात मला लोक."

"मग काय सांगता?"

"काय सांगू?"

"सांगा, भूक मारायला जाते."

त्यांनी टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, "एकटी जाऊ नकोस." मला वाटलं झालं, संपलं. त्या संध्याकाळी भाकरी थापताना एक कच्चीच तव्यावरून उतरली आणि दुसरी करपली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर ते घरी आले. दप्तर ठेवलं, छत्री घेतली. "चल," म्हणाले.

नवरे चालतात तसे ते चार पावलं पुढे चालले. मंदिरापर्यंत ठीक होतं. पुढे त्यांची चाल मंदावली, मग ते माझ्या बरोबरीला आले, मग थोडे मागे पडले. तळ्याच्या वाटेवर एक फुटाणेवाला बसला होता, तिथं ते थांबलेच.

"फार भूक लागलीय गं. तुला नाही लागली?"

"नाही."

त्यांनी फुटाण्यांची पुडी घेतली, खाता खाता माझ्याकडे पुन्हा पुन्हा बघत राहिले. मी कडेला उभी होते. पाय थांबायला तयार नव्हते, म्हणून मी जागच्या जागीच इकडचं पाऊल तिकडे टाकत होते.

"चला ना," मी म्हटलं. "ते चालता चालता खा."