राखीव, काढू नये

मंगळवारी सकाळी लॅबमध्ये गेले, तर डीप फ्रीझरचं दार लागेना. आत बोटभर बर्फाचा थर आणि नमुन्यांचे डबेच डबे... सुई ठेवायला जागा नाही.

मी केजला एका लहानशा लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने आमच्याकडे येतात. शरीरात लोह किती साठलंय वगैरे तपासण्या इथे होत नाहीत, म्हणून सीरम काढून गोठवून ठेवायचं आणि महिन्यातून एकदा पुण्याची गाडी आली की पाठवायचं.

गुरुवारी वडवणीच्या बाजूला एका वस्तीवर कॅम्प होता. शनिवारी तिथल्या टोळ्या कारखान्यावर निघणार. म्हणजे गुरुवार हुकला की पुढचे पाच-सहा महिने त्या बायका सापडत नाहीत.

मागच्या वर्षी हेच झालं होतं. चाळीस जणींचं रक्त घेतलं आणि रांगेत उरलेल्यांना मी माझ्या तोंडाने सांगितलं की फ्रीझरमध्ये जागा नाही, पुढच्या वर्षी या. त्यात सुमनबाई होत्या. पुढे उसाच्या फडात चक्कर येऊन पडल्या आणि हातातला कोयता पायावर बसला... हे मला त्यांच्या वस्तीच्या आशाताईंनी नंतर सांगितलं. तेव्हाच तपासणी होऊन लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या तर, हा विचार वर्षभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

नव्या फ्रीझरच्या मागणीचा कागद कधीच वर गेलाय. तो येईल तेव्हा येईल. निदान दार तरी लागावं म्हणून मी रशीदभाईंना बोलावलं. रशीदभाई म्हणजे गावातले फ्रिज-कूलरचे मिस्त्री. तोंडाने फटकळ, पण हाताला गुण आहे.

त्यांनी समोरचा एक डबा काढून उघडला. रिकामा. दुसरा उघडला. तोही रिकामा.

"म्याडम, तुमचा फ्रीझर भरलेला न्हाई, अडवलेला हाय. रिकामे डबे गार करायला कावून ठिवलेत तुमी?"

आता काय सांगणार... आपल्याकडे एसटी फलाटावर लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची, नाही का? आम्ही सगळ्यांनी फ्रीझरमध्ये तेच केलं होतं. संशोधनाचा नवा अभ्यास सुरू होणार असं नुसतं कानावर आलं की रिकामे डबे आत सारायचे आणि वर चिठ्ठी लावायची, "राखीव, काढू नये." अशा चिठ्ठ्या लावणारे काही डॉक्टर बदली होऊन लातूरला जाऊन तीन वर्षं झाली. पण साहेबांचा डबा! हात कोण लावणार?

मला असा संताप आला म्हणता... एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायला लागले. कोण हे दीडशहाणे, एकदा कळू दे म्हटलं. वाचत वाचत तळाच्या कप्प्यापर्यंत आले. तिथे बर्फात रुतलेले सहा डबे निघाले आणि मी वाचायची थांबले. चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या अभ्यासाची चर्चा ऐकून मीच ते ठेवले होते. अभ्यास काही आला नाही आणि मी साफ विसरले. एका डब्यात एक्क्याऐंशी कुप्या बसतात. सुमनबाईंना जागा नाही म्हणून परत पाठवलं, त्या दिवशी हे सहा डबे आत रिकामे पडून होते...

रशीदभाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "चला, बर्फ काढू," एवढंच म्हणाले.

आधी आमच्या लॅबच्या सरांची परवानगी घेतली. ज्यांचे खरे नमुने होते त्यांना फोन केले, लातूरलाही. नमुने बर्फाच्या पेटाऱ्यांत हलवले, फ्रीझर बंद करून थर उतरवला. मग एका मापाचे डबे रांगेत लावले आणि कुठल्या कप्प्यात काय आहे याची यादी दारावर चिकटवली. मोठ्या नळीच्या तळाशी थेंबभर सीरम ठेवायची आमची जुनी सवय, तीही मोडली. यापुढे लहान कुप्याच. आणि रिकामा डबा आत दिसला की बाहेर, मग तो कुणाचाही असो!

बुधवारी संध्याकाळी बघितलं तर अर्धा फ्रीझर मोकळा. मला हसावं की रडावं कळेना.

गुरुवारी कॅम्पला सुमनबाई आल्या. रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या, किंचित लंगडत. लांबूनच विचारलं, "औंदा तरी हाय का जागा?"

नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण जीभ वळेना. मी उठून त्यांच्याजवळ गेले. "मावशी, जागा मागच्या सालीही होती. माझ्याच चुकीमुळं अडून राहिली होती. मला आता कळलं."

मला वाटलं, आता या माघारी जाणार. आणि गेल्या असत्या तरी मी काय म्हणणार होते?

"मंग मला म्होरं घे," त्या म्हणाल्या. "मागल्या सालचा नंबर हाय माझा."

आणि सरळ चालत पुढे येऊन खुर्चीत बसल्या, बाही वर केली. एकीनेही कुरकुर केली नाही. त्या दिवशी रांगेतल्या एकाही बाईला परत जावं लागलं नाही.

सोमवारी पुण्याची गाडी येतेय. कोण कुठल्या कारखान्यावर जाणार ते लिहून घेतलंय, रिपोर्ट आले की गोळ्या तिथवर पोचवायची जबाबदारी मी घेतलीय. सुमनबाईंनी मला माफ केलं की नाही, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. पण त्या माघारी गेल्या नाहीत... मावशी, त्याचे उपकार मी विसरणार नाही.