फडकं बांधलेली बरणी

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये लिमलेटच्या गोळ्या विकणारा एक सिंधी गृहस्थ बसायचा. मी अंबरनाथहून बाजाराला गेलो की त्याच्याकडे थांबायचोच. नाव कधी विचारलं नाही. तोही सगळ्यांना नुसतं ‘साईं’ म्हणायचा.

त्याच्यापुढे दोन बरण्या असत. एकीत लाल आणि पिवळ्या गोळ्या तो आपल्यादेखत निम्म्या-निम्म्या भरायचा. दुसरी बायकोने घरूनच भरून, फडकं बांधून दिलेली. तिच्यात कुठला रंग किती, हे त्यालाही ठाऊक नसे. गिऱ्हाइकाने आधी रंग सांगायचा, मग डोळे मिटून कुठल्याही बरणीतून गोळी काढायची. रंग जुळला तर गोळी फुकट.

एकदा मी ‘लाल’ म्हणून पहिल्या बरणीत हात घातला. मग ‘पिवळी’ म्हणून पुन्हा तिच्यातच. त्याने मिशीवरून बोट फिरवलं.

“साईं, त्या फडक्याच्या बरणीत तुम्हाला लाल कमी वाटते, पिवळी पण कमी वाटते. मग माझ्या बायकोने आत काय वांगी भरली?”

सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो.

पुढे कळलं, त्याला गळक्या खोलीच्या बदली दुसऱ्या बराकीत खोली मिळत होती. फक्त ती कुलूपबंद होती, आधी बघता येणार नव्हती. त्याने सरळ नाही म्हटलं.

“का हो?” मी विचारलं.

“इथे कुठे गळते ते माहीत आहे, साईं. तिथलं कोण सांगणार?”

मी नुसतं फडक्याकडे बोट दाखवलं. त्याने घाईघाईने माझ्या हातावर दोन गोळ्या फुकट ठेवल्या. पहिल्या बरणीतल्या.