गणोजीरावांच्या नाकातला तीळ

नाक-कान-घशाच्या दवाखान्यात वीस वर्षं काढली की किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. लोक नाकात घालूनच आणतात! चणे, मणी, खडूचे तुकडे. मी चौथी शिकलेली आया, पण नाकं डॉक्टर मॅडमपेक्षा जास्त पाहिलीत. तरी हुणसूरच्या गणोजीरावांसारखं नाक पुन्हा आलं नाही.

*

पुण्याहून आलेल्या आमच्या मॅडमनी कॅमेरा त्यांच्या नाकात घातला. टीव्हीवर काळाकुट्ट डाग!

"तपकीर असेल. नाक धुवा," मॅडम म्हणाल्या.

मी चार वेळा मिठाच्या पाण्यानं धुवायला लावलं. डाग तिथंच.

गणोजीराव माझ्यावरच खेकसले, "चाळीस वर्षांची तपकीर आहे बाई, चार पाण्यांत जाईल होय?"

*

मॅडमनी समजावलं, "नाकाच्या अस्तरावर असा डाग फार क्वचित दिसतो. साधा तीळ असेल. पण कधी कॅन्सरही निघतो, म्हणून काढून तपासू."

गणोजीराव पांढरे पडले. बायको, गिरिजाबाई, रडायला लागली, "तपकीर सोडा म्हणून किती सांगितलं!"

"तीळ तपकिरीनं होत नसतो हो," मॅडम म्हणाल्या.

गिरिजाबाईंचं रडणं फटकन थांबलं. "अय्यो मॅडम, हे यांच्यासमोर कशाला सांगितलंत?"

*

डाग काढला, औषधाच्या बाटलीत घातला. लॅब पुढच्याच रस्त्यावर. पण गिरिजाबाई बाटली मांडीवर घेऊन बसून राहिल्या. का? राहुकाळ!

दीड तास! मी तडकले. "अहो, नाकाचा तुकडा आहे हा, लग्नाची पत्रिका नाही!"

"तुम्ही सुम्ने, गप बसा हो," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या वेळी राहुकाळ बघितला नव्हता, म्हणूनच आता बघते!"

*

पुढच्या वेळी गणोजीराव आले ते धाकट्या भावाचा हात धरून. हा शाहूराव, एच. डी. कोटे गावचा. बांधावरच्या फणसावरून दोघं नऊ वर्षं बोलत नव्हते. आता अण्णाला कॅन्सर असेल म्हटल्यावर रोज बस पकडून हुणसूरला कोंबडीच्या सारूचा, म्हणजे रश्श्याचा, डबा घेऊन जात होता. दोघं एकाच डब्यात जेवायचे म्हणे.

मला राहवेना. "मग फणस कोणाचा ठरला?"

"झाड कधीच पडलं की!" शाहूराव म्हणाला. "भांडण तेवढं उभं होतं."

*

रिपोर्ट आला. तिघंही खुर्च्यांच्या टोकावर. मॅडमनी कागद वाचला आणि हसल्या, "साधा तीळ! पूर्ण निघालाय. आता मधूनमधून दाखवून जा, झालं."

गिरिजाबाईंनी हात जोडले. माझ्यासारखीचेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू?

शाहूरावानं मोठा श्वास सोडला आणि रिकामा डबा पिशवीत घातला. "सुटलो बाबा! मग अण्णा, उद्यापासून मी काही येत नाही. तब्येत बिघडली तर कळव." चपला घालायला उठलासुद्धा.

गणोजीराव त्याच्याकडे बघत राहिले. मग पुन्हा तपासणीच्या खुर्चीवर जाऊन बसले, मान मागं टाकली आणि म्हणाले,

"मॅडम, दुसऱ्या नाकपुडीत जरा नीट बघा की!"