सिंहांची डोकी नसलेलं नाणं

नत्थुजी मेहरेंच्या हाती चिल्लर दिली, की गिऱ्हाइकानं जरा उभं राहायची तयारी ठेवायची. अमरावतीच्या इतवारा बाजारात हे सगळ्यांना ठाऊक. मेथीची जुडी पिशवीत पडली तरी माणूस सुटत नाही. नत्थुजी नाणं उन्हात धरणार, उलटं करणार, पार डोळ्याशी नेणार. नवखं गिऱ्हाईक बिचकून विचारतं, "काहून भाऊ, खोटं हाय का?"

"खोटं नाही बाप्पा, बिघडलेलं पाहून राहिलो. चांगले तं सारेच देतात!"

आता बिघडलेलं नाणं कशाला हवं, असं तुम्ही म्हणाल. अहो, टांकसाळीतल्या यंत्राचा एखादा ठोका चुकतो आणि तसंच नाणं नजर चुकवून बाजारात येतं. हौशी लोक जीव टाकतात अशा नाण्यांवर. भाजी विकता विकता नत्थुजींना अशी तीन सापडली होती. एकावर अक्षरं दोनदोनदा उमटलेली. दुसऱ्याची मागची बाजू उलटी फिरलेली. आणि तिसरं पाच रुपयांचं पिवळं नाणं, त्याचा छापच कडेला सरकलेला. एका बाजूनं कोरं करकरीत, आणि वरच्या सिंहांची डोकीच गायब!

पहिली दोन म्हणजे नत्थुजींचा जीव की प्राण. लक्ष्मीपूजनाला त्यांची बायको माणिकबाई घरातली सगळी नाणी चिंचेनं घासून पाटावर मांडायची. ही दोन मात्र नत्थुजी तिच्या हाती देत नसत. चिंच लाव, वरून राख लाव, पुन्हा चिंच, असं स्वतः घासत बसत. तिसऱ्याला पाटावर जागाच नव्हती. "खंडित हाय ते," माणिकबाईनं ठणकावलं होतं. "फुटकी मूर्त ठेवते का कोणी देवघरात? मंग हे काहून ठेवू?" तिनं ते फडक्यात गुंडाळलं आणि पिठाच्या डब्यामागं सारून दिलं. नत्थुजींनीही हट्ट धरला नाही, कारण त्या कळकट नाण्याची त्यांनाच लाज वाटायची.

मागच्या वर्षी अकोल्यात नाण्यांचं प्रदर्शन भरलं. आपली लखलखीत जोडी घेऊन नत्थुजी मोठ्या उमेदीनं गेले. तिथं बाळापूरचे खुशालराव होते. नाण्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी नाणी बोटात फिरवली, नाक मुरडलं आणि भरल्या मंडपात म्हणाले, "हे टांकसाळीतलं नाही, घरी केलेलं काम आहे. भाजीवाले आता नाणेही पिकवून राहिले का?"

हशा पिकला. नत्थुजी मान खाली घालून घरी आले आणि जेवले नाहीत. आयुष्यात मापात पाप केलं नाही त्या माणसानं, आणि लबाड म्हणवून घ्यायचं? "अस्सल हायेत म्हून सिद्ध केल्याबिगर अकोल्यात पाय ठेवीन तं नावाचा नत्थू नाही!"

वाट काढली ती पोरीनं, प्रणालीनं. मुंबईत एक कंपनी होती. ती नाणं तपासते, चूक टांकसाळीतली की कोणी ठोकून केलेली ते ठरवते, नाण्याला सत्तरपैकी गुण देते आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवते. प्रणालीनं मोबाइलवर सगळं भरलं. "बाबा, तिसरंही पाठवू."

"ते? तसं मळकं?" नत्थुजी चिंच भिजवायला उठलेच. पण कुरिअरवाला दारात घाई करत होता. प्रणालीनं फडक्यातलं नाणं उचलून पाकिटात घातलंसुद्धा. "अवं पोरी, अब्रू जाईन नं! पोरगी दाखवाले न्यायची अन् तोंडही धुवायचं नाही?" ते ओरडत राहिले आणि कुरिअरवाला गेला.

मग सुरू झालं वाट पाहणं. नत्थुजींचं वजनात लक्ष लागेना. पावकिलो मिरची मागणाऱ्याला अर्धा किलो जाऊ लागली. माणिकबाई करवादली, "नाणे येईस्तोवर दुकान बुडवता का?"

आणि एका दुपारी पार्सल थेट दुकानावर आलं! नत्थुजी नुसतेच ते उलटंपालटं करत राहिले, शेवटी चिकटपट्टी प्रणालीनंच फाडली. शेजारचे कांदेवाले, लिंबूवाले, सारे गोळा झाले. तिनं पहिली डबी वाचली. "नाणं अस्सल. चूक टांकसाळीतलीच."

"पाह्य! मी काय सांगत होतो?"

"पण घासलेलं आहे, म्हणून गुण नाहीत."

दुसऱ्याचंही तेच. चिंचेनं आणि राखेनं वरची मूळ कांतीच खरवडून काढली होती. नत्थुजी मटकन पोत्यावर बसले. इतकी वर्षं ज्यांचे लाड केले, त्यांचं आपल्याच हातानं वाटोळं केलं होतं.

"बाबा," प्रणाली किंचाळलीच. "तिसरं! अस्सल, छाप सरकलेला, सत्तरपैकी अठ्ठावन्न!"

कांदेवाल्यानं शिट्टी मारली आणि नत्थुजी पोत्यावरून उडाले. "अठ्ठावन्न! अवं, मले शाळेत सारे मिळून इतके मार्क नाही भेटले!" त्या दिवशी इतवाऱ्यात कोथिंबीर फुकट होती.

अकोल्याचं प्रदर्शन आलं. या वेळी त्यांनी माणिकबाईलाही नेलं. गाडीत बसल्यापासून नत्थुजी एकच वाक्य घोकत होते: 'पाहा खुशालराव, भाजीवाल्यानं काय पिकवलं!' वर्षभराचा राग त्यात भरला होता.

खुशालरावांनी तिन्ही डब्या घेतल्या, भिंग लावलं. एकेक डबी उलटसुलट करून पाहिली. मग उठून उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मागच्या साली याच जागेवर म्या या माणसाले लबाड म्हटलं होतं. तिन्ही नाणे अस्सल आहेत. चुकलं माझं. नत्थुजी, माफ करा."

नत्थुजींचं घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. "बसा नं खुशालराव," एवढंच त्यांना जमलं. "चहा सांगतो."

"पण हे सरकलेलं इतकं जसंच्या तसं जपलं कसं तुमी?"

छाती फुगवायची हीच वेळ होती. नत्थुजींनी बायकोकडं बोट केलं. "हिले इचारा. माह्या हाती असतं तं कवाच घासून टाकलं असतं."

"म्या कुठं जपलं?" माणिकबाई पदर सावरत म्हणाली. "म्या तं टाकून देल्लं होतं!"

मंडप पुन्हा हसला, आणि या खेपेला नत्थुजी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

त्या लक्ष्मीपूजनाला सवयीनं त्यांचा हात चिंचेकडं गेला. माणिकबाईनं तो फटकन बाजूला केला. मग पाटाच्या मधोमध तिनं तिसऱ्या नाण्याची डबी ठेवली, झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडले. "राग धरू नको रे बाप्पा," ती त्या डोकी नसलेल्या सिंहांना म्हणाली. "तू तसाच जन्मला होता. म्या तुले खंडित म्हटलं."