रेखा बोलली, असंच मी लिहिलंय

आधीच सांगून टाकते. मला कुणाची सहानुभूती नकोय, आणि "ताई, एखाद्या जाणकाराला दाखवून घ्या" असले सल्ले तर अजिबात नकोत. भुताच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला यायची, तेही हसायला. नर्सिंगच्या होस्टेलमध्ये एक खोली होती, तिथे राहायला कुणी तयार नसायचं. ती मी मागून घेतली, कारण त्या खोलीचा पंखा चांगला होता. कोर्स संपेपर्यंत मस्त झोपले. भूत सोडा, साधं वाईट स्वप्न पडलं नाही.

मी गोंदिया जिल्ह्यातली, बिरसी विमानतळाजवळच्या एका गावची. घर पोवार समाजाचं, शेती धानाची. विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर आमच्या छपरावरून घिरट्या घालतात, त्या घरघरीत मी बारावी काढलीय. त्यामुळे "कानात काहीतरी वाजलं असेल" हे मला सांगू नका. कुठला आवाज कुठून येतो, हे मला नीट कळतं.

नोकरी लागली ती जंगलपट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात. नाव देत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. मी कंत्राटी, अगदी नवीन. कंत्राट पुढे वाढणार की नाही, हे सध्या एका चौकशीवर अडकलंय... आणि ती चौकशी ज्या दुपारमुळे लागली, ती दुपार तुम्हाला सांगायची आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका बेडजवळ नेते, पेशंटची चादर बाजूला करून, हात लावून सगळं दाखवते. याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. पुस्तकात तसंच आहे. पण रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आमच्याकडे पुस्तकाला कोण विचारतो? शिपाई असो, ड्रायव्हर असो, सिस्टर असो, प्रत्येकाची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, कुठेतरी चिखल करून तयार असते आणि रोवणाऱ्या बायांना यायला जरा उशीर झाला तर त्या दुसऱ्याच्या बांधीत जातात. म्हणून त्या दिवसांत ओव्हर गेटवरच होते. जाणारीच्या डोक्यावर हेल्मेट, येणारीच्या हातात डबा. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्या दुपारी छाया सिस्टर मला गेटवर भेटल्या. स्कूटी सुरूच होती.

"सब बराबर हाय. चार नंबरची सकाळी डिलिव्हरी झाली, नॉर्मल, पोरगी हाय. बीपी लिहून ठेवला मीनं. जाऊन रायली मी, बाया खोळंबल्या माह्या!"

झाली ओव्हर.

महिला वॉर्डात दोनच पेशंट होत्या. दाराजवळ छत्तीसगढहून आलेली तापाची आजी, गाढ झोपलेली. आणि खिडकीजवळ चार नंबरला रेखा, माझ्याच वयाची. तिची आई नातीला घेऊन बाहेर व्हरांड्यात बसली होती. मी पहिल्यांदा रेखाकडेच गेले. पॅड पाहिलं, ठीक होतं. बीपी घेतला, ठीक होता. "दुखतंय का?" विचारलं तर तिने मानेनेच नाही म्हटलं आणि हसली. पहिलटकरीण, लाजत असेल, असं मला वाटलं. काही वेळाने मी तिच्याकडे पाठ करून ट्रॉलीवर इंजेक्शनं लावत उभी राहिले.

"बाई... माह्या पाठीखाली हात घालून पाय नं."

'पाय नं' म्हणजे पाहा ना. स्पष्ट. भर दुपारी, लख्ख उजेडात, माझ्या मागून. मी न वळताच "हो, येते" म्हणाले, कारण हातात सुई होती.

"पाय नं वं बाई!"

या खेपेला जरा चिडून. पेशंट चिडतात तशीच. मी सुई ठेवली, बेडजवळ गेले आणि तिच्या कमरेखाली हात घातला. हात मनगटापर्यंत लाल होऊन बाहेर आला.

वरून सगळं कोरडं दिसत होतं. पलंगाची जाळी मधे झोळ पडलेली, त्यामुळे रक्त पुढे न येता पाठीखाली रबरशीटवर साठत होतं. रेखाचे डोळे अर्धवट उघडे होते, पण हाक मारली तर ओ नाही. नाडी पळत होती. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ, लोण्यासारखं... प्रसूतीनंतर ते घट्ट झालं नाही तर बाई बघता बघता हातातून जाते. एवढं मला शिकवलेलं होतं आणि तेवढं मला पुरलं.

डॉक्टर सर गावातल्या शिबिराला गेलेले, फोन रेंजबाहेर. इन्चार्ज सिस्टर रजेवर. मी कुणाच्या ऑर्डरची वाट पाहिली नाही. इंजेक्शन दिलं, सलाईन पूर्ण सोडलं, पोट चोळत राहिले आणि आमच्या वॉर्डातल्या मावशीला ओरडून ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली. ड्रायव्हर दारात येऊन म्हणतो, "मॅडम, रेफर का कागज?"

"कागज बाद में भैया, पहले गाड़ी निकालो!"

गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत मी गाडीत रेखाच्या पोटावर हात दाबून गुडघ्यांवर बसून गेले. शेजारी तिची आई, मांडीवर नात. बाई रडत नव्हती, नुसती माझ्या हातांकडे बघत होती. तिथे रक्त चढवलं, पुढचे उपचार झाले. रेखा वाचली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते."

मला वाटलं होतं, परत गेल्यावर कुणीतरी पाठीवर थाप देईल. मिळाला मेमो. डॉक्टरांच्या आदेशाशिवाय इंजेक्शन दिलं, परस्पर पेशंट हलवली, वॉर्ड सोडून निघून गेले. लेखी खुलासा द्या.

ठीक आहे, देते की! मी काय चोरी केली होती?

चौकशी सरांच्या केबिनमध्ये झाली. सर, इन्चार्ज, छाया सिस्टर आणि मी. इंजेक्शनचं मी तोंडावर सांगितलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. सर वैतागले. मग त्यांनी विचारलं, "पॅड कोरडं, बीपी ठीक. मग पाठीखाली हात घालून बघावं, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"पेशंटने सांगितलं, सर."

"कुठल्या पेशंटने?"

"रेखाने. दोनदा सांगितलं."

छाया सिस्टर पंख्याकडे बघायला लागल्या. इन्चार्जनी पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "अवं, रेखा मुकी हाय. जन्मापासून."

मी हसले. खरंच हसले, मला वाटलं माझी परीक्षा घेताहेत. मग त्यांनी रेखाचे जुने केसपेपर पुढे सरकवले. तिला ऐकू येतं, सगळं कळतं, पण गळ्यातून आवाज निघत नाही. नागपूरलाही दाखवून झालेलं. हे सगळ्या स्टाफला माहीत होतं. ओव्हर बेडजवळ झाली असती तर मलाही माहीत असतं... तेव्हा मात्र मी घाबरले, कबूल करते. खुर्चीचा हात धरून बसले.

बाहेर पाण्याच्या टाकीजवळ छाया सिस्टरनी मला गाठलं. बाई वाईट नाही हं. माझ्या पहिल्या दिवशी त्यांनीच मला स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं होतं.

"काऊन अडून रायली पोरी? लिही नं का छायानं बराबर ओव्हर देल्ली, ब्लीडिंगवर नजर ठेव म्हणाली. तुह्यी बी नोकरी वाचते, माह्यी बी."

"तुम्ही म्हणाला होतात का असं?"

"नाही म्हणाली. पर मुकी बोलली असं लिहिशीन तं तुले पागलखान्यात टाकतीन नं!"

सरांनीही हेच सुचवलं, जरा गोड भाषेत. "रूटीन तपासणीत लक्षात आलं, एवढंच लिहा. ताकीद देऊन प्रकरण मिटवतो. नाहीतर तुमची मानसिक तपासणी करून घ्यावी लागेल आणि कंत्राटाचं मी काही सांगू शकत नाही." घरी बाबाही म्हणाले, लिहून दे, एका ओळीने काय होते.

मैत्रिणींनी वेगळंच काढलं. म्हणे तो तुझा आतला आवाज होता. अगं, माझा आतला आवाज मला ओळखता येत नाही का? तो पोवारीत बोलतो, घरच्या भाषेत, आणि तो मला "बाई" कशाला म्हणेल? दाराजवळच्या आजीला छत्तीसगढीशिवाय काही येत नव्हतं. वॉर्डात टीव्ही नाही, माझा फोन लॉकरमध्ये. रेखाची आई बाहेर होती, आणि खिडकी बंद. हे सगळं मी स्वतःशीच इतक्या वेळा तपासलंय की सरांनीही तपासलं नसेल.

मग बाळाच्या लसीसाठी रेखा आली. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, मलाही. मला आतून खात्री होती, आता ती मान हलवेल आणि यांची तोंडं बंद होतील.

"त्या दिवशी तू या सिस्टरशी बोललीस का?"

रेखाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने नाही म्हणून मान हलवली. ओठांवर बोट ठेवून, हात उलटा करून दाखवला, मी कशी बोलणार? सरांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले.

मला तिचा राग आला नाही. ती खरंच सांगत होती, तिला काहीच आठवत नव्हतं. पण मीही खरंच सांगत होते. राग आला तो खांदे उडवण्याचा. मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

रेखाची आई मागून आली. जमिनीवर बसायला लागली, मी हाताला धरून बाकावर बसवलं.

"बाई, खरंच बोलली का वं माही रेखा?"

"हो."

"कसम?"

"कसम."

मला वाटलं आता ही हात जोडणार, अंगात देवी आली म्हणणार, नारळ फोडायचा म्हणणार. मी वैतागून उठायच्या बेतात होते. तिने तसलं काहीच केलं नाही. माझ्याजवळ सरकून तिने विचारलं,

"कसा हाय वं तिचा आवाज?"

मी परत नीट बसले.

"जनमली तवापासून रडली बी तं नुसता श्वास यायचा," ती म्हणाली. "कसा असन, कसा असन म्हणून मीनं मनात लय डाव लावून पायला. तुमी आयकला. मीनं नाही आयकला नं."

मी सांगितलं. जरा घोगरा आहे. पातळ नाही, भरलेला. शेवटचा शब्द थोडा ओढते. आणि मी लगेच गेले नाही तर चिडली होती माझ्यावर. चिडली म्हटल्यावर त्या बाईच्या चेहऱ्यावर असं हसू आलं... चिडकीच हाय, म्हणाली.

"म्हणून दाखवा नं बाई. तिनं म्हणलं तसंच."

व्हरांड्यातून लोक जात-येत होते. ओपीडीची रांग होती. मी त्या रांगेसमोर, जमेल तेवढा आवाज उतरवून म्हटलं, "बाई, माह्या पाठीखाली हात घालून पाय नं." तिने डोळे मिटून घेतले होते.

"अजून एक डाव," ती म्हणाली. मी पुन्हा म्हटलं.

त्याच दिवशी मी खुलासा दिला. 'पेशंटने मला स्वतःच्या तोंडाने दोनदा सांगितले.' खाली सही. सरांनी वाचून तो परत माझ्यापुढे सरकवला, मी परत त्यांच्यापुढे सरकवला. अजून निर्णय आलेला नाही. ड्यूटीवर आहे, पण किती दिवस ते माहीत नाही. इथले लोक विचारतील म्हणून सांगते — ते काय होतं, कसं झालं, माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल असंही मला वाटत नाही. भुताखेतांवर मी अजूनही विश्वास ठेवत नाही. आवाज मात्र ऐकला.

यासाठी नोकरी जाणार असेल तर जाऊ दे. दुसरी शोधीन, हात शाबूत आहेत. पण त्या आईला व्हरांड्यात बसून मी जे ऐकवलं, ते खोटं होतं, असं मी कुठल्याही कागदावर लिहून देणार नाही.