पडायचं कसं ते तात्यांना विचारा

तात्या माणसाचं तोंड बघत नसत, चाल बघत. वेल्ह्याच्या एस.टी. थांब्यावर ते बसलेले दिसले की गाडीतून उतरणारा माणूस आधी स्वतःचे पाय तपासून घ्यायचा. चार पावलं टाकली की तात्यांचा निकाल तयार. "डावा घोटा. दोन म्हैने झाले. जिन्यावरनं पडलो म्हून सांगतुयास, पर पडलायस आंब्यावरनं." आंबा कुणाचा होता हेही त्यांना ठाऊक असायचं, पण ते खाजगीत सांगत. एकदा पानशेतकडं निघालेला भाजीचा टेम्पो समोरून गेला तर म्हणाले, "मागलं उजवं चाक लंगडतंय." पुढच्या वळणावर ते चाक निसटलं आणि टेम्पोच्या आधी पानशेतला पोचलं. सोबत दोन कोबीही पोचले. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलेलं नाही अशा चाळीस जणांनी मला ते शपथेवर सांगितलं आहे.

पासलीच्या अलीकडं आमची वाडी, आणि तात्या म्हणजे त्या सगळ्या डोंगरातले हाड बसवणारे. भोरपासूनचे निखळलेले खांदे त्यांच्या पडवीत येत. पद्धत ठरलेली. खांदा धरायचा आणि सहज विचारायचं, "सासुरवाडी कुठली रं?" गडी गावाचं नाव घेईपर्यंत 'कट्' असा आवाज येई आणि खांदा जागेवर. एका नव्या नवऱ्याला सासुरवाडीचं नावच आठवेना, तर तात्यांनी त्याचा दुसराही खांदा तपासून ठेवला. मात्र हाड मोडल्याची नुसती शंका आली तरी ते बोट लावत नसत. "आधी भोरला जाऊन फोटू काड. आत काय झालंय ते देवाला दिसतं आन मशिनीला. मला न्हाई दिसत." एवढा हात चालणारा माणूस मशिनीपुढं असा नमतो कसा, याचं मला नवल वाटायचं. ते पुढं कळलं.

मी अकरावीत असताना आमच्या कॉलेजात खेळाचे नवे सर आले आणि बरोबर अंड्यासारखा चेंडू आला. रग्बी. पहिलं वर्ष सोप्या खेळात गेलं. पळणारीला दोन हात लावले की ती थांबायची, बस्स. मी त्यात अशी पळायचे की माझी सावली मागून हाका मारत यायची. मग एक दिवस सर म्हणाले, आता खरा खेळ. अंगावर जायचं, मिठी मारायची आणि पाडायचं. पुण्यात मुलींचे सामने आहेत, घरून परवानगी आणा.

झालं. ज्या वाडीत नळाच्या पाण्यावरही दोन मतं नव्हती, तिथं रग्बीवर घरटी चार मतं निघाली. चुलते म्हणाले, "मोडक्या हातापायाची पोरगी कुणाच्या दारात उभी करायची?" आई म्हणाली, "चेंडू पायजे तर मागून घ्यावा. अंगावर कशाला जायचं?" सारोळ्याच्या मावशीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी बायांनी बायांना उचलून आपटायचं आन वर बक्षीस? आगं, मग आमाला बी न्या की!" वेल्ह्याच्या चहाच्या टपरीवर तर ज्यांनी तो चेंडू पाहिलाही नव्हता त्यांनी नियम बदलून टाकले. पोरींनी हात लावायचाच खेळ खेळावा, असं ठरवून दोन-दोन चहा झाले.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, बोलतात कमी. पाच दिवसांनी एकच वाक्य बोलले. "तात्या व्हय म्हनले तर जा. न्हाई म्हनले तर इषय संपला."

मी उड्या मारत तात्यांच्या पडवीत गेले, आणि तात्या 'न्हाई' म्हणाले.

"पळा, उड्या मारा, हात लावायचा खेळ खेळा. पाडापाडी न्हाई."

माझं डोकं फिरलं. "मी पोरगी म्हणून का, तात्या?"

"पडता येत न्हाई म्हून. बग, पडून दाखव."

मी अंगणात पडून दाखवलं. "गेलं मनगट," तात्या म्हणाले. पुन्हा पडले. "गेला खांदा." तिसऱ्यांदा जिवाच्या आकांतानं पडले, तर म्हणाले, "आता हितं नुसता सांगाडा हाय. जा, बापाला बोलीव."

तेवढ्यात काकी, म्हणजे तात्यांची बायको, चहा घेऊन आल्या. कप नेहमीसारखा डाव्या हातात. त्यांचा उजवा हात कोपरात कायमचा वाकलेला, तो मी लहानपणापासून बघत होते आणि म्हणूनच कधी बघितलाच नव्हता. तात्यांनी त्या हाताकडं बोट केलं.

"गवताचा भारा घिऊन उतरत व्हती. पाय सटाकला आन ह्यो हात टेकला. म्या म्हनलं, मीच बसवतो, माझ्यासारखा हाय कोन? फोटू काडाया न्हेली न्हाई. पंचक्रोशीची हाडं बसली माझ्या बोटानं, आन घरातलं एक बसलं न्हाई." मग म्हणाले, "हिला पडायचं कसं ते कुनी शिकवलं न्हवतं. म्या बी न्हाई."

काकींनी कप माझ्यापुढं केला. "चा घे गं सुरे," त्या म्हणाल्या. "आन तुमी काय पोरीला रडवताय? शिकवायचं तर तिला शिकवा. माजा हात आता न्हाई ऐकत."

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "सरांना सांग, समद्या पोरींना घिऊन या. उद्यापासनं. माझ्या खाचरात पानी भरलंय."

भात लावायच्या आधी खाचरात पाणी भरून बैल फिरवतात, मातीचं लोणी होईपर्यंत. ती चिखलणी. त्या चिखलात आम्ही बारा जणी उतरलो. सर पहिलं पाऊल टाकताच शिट्टीसकट आडवे झाले आणि दिवसभर त्यांची शिट्टी बेडकासारखी वाजत होती. तात्या बांधावर छत्री घेऊन बसले. "जिमिनीकडं समदं अंग एकदम घिऊन जाऊ नगा! आधी गुडगा, मग मांडी, मग पाठ. पाव्हन्यागत जावा, दरोडेखोरागत न्हाई!" आणि दर दोन मिनिटांनी, "हनुवटी! हनुवटी छातीला! हात टेकू नगा!" पाडणारीला वेगळं: "डोस्कं तिच्या मागल्या अंगाला ठेव. फुडं ठिवलंस तर तुजं डोस्कं तिची उशी हुईल." चिखल मऊ होता, लागत काही नव्हतं. चार दिवस आम्ही एकमेकींना इतकं पाडलं की चौथ्या दिवशी आई मला घरात घेईना. तिला वाटलं, दारात म्हैस आलीय.

पाचव्या दिवशी आम्ही पोचलो, तर तात्यांचा मुलगा दत्तूदादा भाताच्या रोपांच्या जुड्या घेऊन बांधावर उभा. खाचरात बघितलं, तर माती अशी लोण्यासारखी झालेली की कुठल्या बैलांनी केली नसती. मग उजेड पडला. तात्यांचा एक बैल पंधरा दिवस लंगडत होता, आणि वाडीतल्या दुसऱ्या बैलांची पाळी आठवडाभर येणार नव्हती.

"तात्या!" मी ओरडले. "तुमी आमाला बैल केलं?"

"पडाया शिकलीस का न्हाई?"

"शिकले."

"चिखल झाला का न्हाई?"

"झाला."

"मग वरडतीस का? सावड झाली."

आज तुमच्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तुम्ही, ही आमच्याकडची सावड. सगळी लावणी तिच्यावर चालते. तेव्हा त्या दिवशी रोपंही आम्हीच लावली, आणि दुपारी सगळी वाडी बांधावर भाकरीला बसली. तिथंच अण्णांनी विचारलं, सगळ्यांदेखत. "तात्या, तुमी काय ते सांगा. पोरीला धाडू का नगं?"

तात्यांनी हात धुतले, मिशी पुसली. बैल विकताना घ्यावा तेवढा वेळ घेतला आणि अण्णांना म्हणाले,

"किसना, माझ्या पडवीत बाया आल्या त्या भाऱ्यानं मोडून आल्या, हंड्यानं आल्या, शेवाळावरनं आल्या. तवा एक गडी मला इचाराया आला न्हाई, का तात्या, बाईनं भारा उचलावा का नगं? आता ही खेळाया जाती तर समद्या वाडीला हाडं आटावली. म्या बी न्हाईच म्हनलो व्हतो. पर पोरगी आता नीट पडती. जाऊ दे तिला."

चुलते म्हणाले, "आन लगीन?"

"पाव्हन्याला खरं सांगायचं. पोरगी पडती झ्याक, पाडती त्याहून झ्याक. तरी बी आला, तर जावाई कामाचा हाय."

सगळा बांध हसला. अण्णा हसले नाहीत. संध्याकाळी बघते तर माझे चिखलाचे बूट धुऊन चुलीपाशी वाळत ठेवलेले. ते कुणी धुतले हे आमच्या घरात आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

सामन्याला तात्या आले. "सावड फेडाया आलोय," म्हणाले, आणि छत्री घेऊन रेषेवर उभे राहिले. समोरच्या संघात एक मुलगी अशी होती की ती धावायला लागली की मैदान तिच्या बाजूला कलायचं. तिनं मला धरलं ते मला कळलंच नाही. हवेत मात्र मी इतका वेळ होते की पुण्यातून मला तोरणा दिसला, आणि गडावर कोण कोण चढलंय तेही मोजून झालं. तेवढ्यात खालून आवाज आला, "हनुवटी!" गुडघा, मांडी, पाठ. चेंडू पोटाशी. मी उठले. ती मुलगी माझ्याकडं बघत राहिली, जणू आपटलेला नारळ फुटलाच नाही.

आम्ही हरलो. इतक्या हरलो की गुण लिहिणाऱ्याचा खडू संपला. परतताना आम्ही रडत गाडीकडं निघालो, तर तात्या दारात उभे राहून एकेकीची चाल बघत होते. शेवटची चढली तेव्हा म्हणाले, "बारा गेल्या, बारा चालत आल्या. अजून काय पायजे?" आणि गाडी थांबवून त्या मैदान कलवणाऱ्या मुलीकडं गेले. "बाळ, तुजा उजवा गुडगा दुकतुय. खेळ थांबीव आन फोटू काड." ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?" तिलाही त्यांनी सासुरवाडी विचारली असती, पण ती लहान होती.

मी पुढं बरीच वर्षं खेळले. आता भोरला शाळेत खेळ शिकवते. माझी सगळी हाडं माझ्याच मालकीची आहेत, आणि त्यातलं एकही न मोडण्याचं श्रेय माझं नाही. ऐंशीच्या पुढं गेल्यावर एका पावसाळ्यात तात्या बांधावर घसरले. तासाभरात मला फोन. "सुरे, आज पडलो! हनुवटी छातीला, हात टेकला न्हाई. काय सुदिक झालं न्हाई बग!" लग्न ठरल्यासारखा आनंद. दोन वर्षांपूर्वी थंडीत ते झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा काकी उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "एका कुशीवर व्हते गं. हनुवटी छातीला."

दत्तूदादानं आता पॉवर टिलर घेतलाय. तासाभरात सगळी खाचरं होतात. पण दरवर्षी लावणीच्या दिवसांत त्याचा फोन येतो. "सुरेखा, पोरी कवा आनतीस? रोपं झाल्यात. तात्यांच्या खाचरात म्या मशीन घातलेलं न्हाई, ते थांबलंय."

यंदाही नेल्या. पहिलीच पोर घाबरून पडली आणि तिनं हात पुढं केला. मी ओरडणार, एवढ्यात बांधावरून, तात्यांच्या जागेवरून, तात्यांच्याच छत्रीखालून आवाज आला. काकी उठून उभ्या राहिल्या होत्या, वाकलेला उजवा हात जमेल तेवढा वर करून.

"हात न्हाई गं बाई! हात न्हाई टेकायचा!"